इंग्लंडात उन्हाळाभर मुक्काम आहे: सायकलवरून निवांत, दिवसभराच्या फेऱ्या कशा आखाव्यात?

टिळकवाडीची_ताई

नमस्कार मंडळी. मे अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही दोघं स्विंडनला लेकीकडे राहणार आहोत. वय ५९ आणि ५५. इथं बेळगावात आमचं रविवारचं फिरणं ठरलेलं: राकसकोप, जांबोटीचा रस्ता, नाहीतर येळ्ळूरकडून राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत. ४०–५० किमी, मध्ये चहा-नाश्ता, घाई कसलीच नाही. तिथंही तसंच हवं आहे. सकाळी डबा बांधून निघायचं, खेड्यापाड्यांतून, शेतांच्या कडेनं फिरायचं आणि संध्याकाळी घरी.

विचारायचं ते असं. रस्ते कसे निवडायचे? फोनवरचा नकाशा सायकलचा मार्ग दाखवतो, त्यावर विसंबून चालेल का? सायकली इथून खोक्यात घालून न्याव्यात की तिथं जुन्या घ्याव्यात? ह्यांच्या उजव्या गुडघ्याला लांब चढण सोसत नाही, तर सपाट भाग कुठला? आणि आम्ही दोघंही शाकाहारी, वाटेत खाण्याचं काय? ज्यांना तिकडची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

हिंडलगा_ते_हिरवळ

ताई, फेरी ठरवताना आधी अंतर बघू नका, नकाशावरचा रस्त्याचा रंग बघा. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा लँडरेंजर नकाशा घ्या. गुलाबी मुखपृष्ठ, प्रमाण १:५०,०००. स्विंडनला १७३ नंबरचा, उत्तरेला कॉट्सवोल्डच्या बाजूला १६३, बाथ-ब्रिस्टलला १७२. त्यावर २ सेंमी म्हणजे १ किमी, आणि निळ्या रेघांचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा, त्यामुळे बोटानंच अंतर मोजता येतं. मोटरवे निळा, तिथं सायकलला बंदी. ए रस्ते हिरवे किंवा लाल, बी रस्ते नारिंगी, आणि त्याखालचे गावरस्ते पिवळे. तुमची फेरी पिवळ्यावर राहिली पाहिजे. बी रस्ता किलोमीटर-दोन किलोमीटर जोडण्यापुरता, ए रस्ता फक्त ओलांडण्यापुरता.

याचं कारण असं. आपल्या हायवेला कडेला जी मोकळी पट्टी असते, ती तिथल्या साध्या ए रस्त्याला बहुधा नसते. पांढरी रेघ संपली की थेट गवत. गावाबाहेर पडताना पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी असलेली पाटी लागते. तिचा अर्थ मोटारींना ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किमीपर्यंत मुभा. कायद्यानं पिवळ्या रस्त्यावरही तीच मर्यादा लागू आहे, पण तो इतका अरुंद आणि वळणाचा की कुणाला तेवढा वेग गाठता येत नाही. रहदारीही नावापुरती.

या रस्त्यांचा धोका वेगळा आहे. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं असतात. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीमुळे ती छाटायला सहसा बंदी असते, म्हणजे तुम्ही असाल तेव्हा ती सगळ्यात दाट. वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि मे-जूनमध्ये चारा वाहणारे रुंद ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं येतात. म्हणून आंधळ्या वळणावर ब्रेकवर बोटं ठेवून, एकामागे एक चला. समोरून काही आलं तर थांबायला रस्त्याला जागोजाग फुगवटे दिलेले असतात. तो फुगवटा उजवीकडे असेल तर आपण त्यात शिरायचं नसतं, त्याच्या समोर डावीकडेच थांबायचं. डावीकडून चालण्याची सवय आपल्याला आहेच.

घोडेस्वार रोज भेटतील. मागून घंटी वाजवू नका, घोडा बिथरतो. लांबूनच ‘हॅलो’ म्हणा, घोड्याला माणसाचा आवाज कळतो. ताशी १० मैलांच्या आत वेग आणि किमान २ मीटर अंतर, असं तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमपुस्तकात, २०२२ पासून स्पष्ट लिहिलं आहे.

आता फोनचा नकाशा. तो दिशा कळण्यापुरता ठीक आहे, मार्ग आखण्यासाठी नाही. शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर तिथं सायकल चालवता येत नाही. ब्रिडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठी खुल्या वाटेवर, १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून चालते, मात्र चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यावी लागते. लँडरेंजरवर दोन्ही वाटा गुलाबी तुटक रेघांनी दाखवतात: आखूड तुकडे म्हणजे पायवाट, लांब तुकडे म्हणजे ब्रिडलवे. फोनला ब्रिडलवे हाही सायकल मार्गच वाटतो. प्रत्यक्षात तो नांगरलेल्या रानाच्या बांधावरून जात असतो आणि पाऊस पडला की चाक रुततं.

गुडघ्यासाठी एक खूण लक्षात ठेवा. पिवळ्या रस्त्यावर बाणाचं एक टोक काढलेलं असेल तर तिथं १४ ते २० टक्के चढ आहे, दोन टोकं असतील तर २० टक्क्यांहून जास्त. बाण उताराकडे तोंड करून असतो. तो तुमच्याकडे तोंड करून दिसला की दुसरा रस्ता शोधा. बाण नसला तरी १० मीटरच्या समोच्च रेषा मोजा. ४० किमीत एकूण ३०० मीटरच्या आत चढ असेल तर फेरी निवांत. ५०० च्या वर गेला की इथं सरावलेल्यालाही दमवतो, कारण तिथले चढ लहान पण एकापाठोपाठ एक येतात. आपल्या घाटासारखी एकदाच चढण आणि मग सपाटी, असं तिथं नाही. सरावच करायचा तर चोर्ल्याच्या वाटेला जाऊ नका, जांबोटीचा रस्ता जास्त उपयोगी पडेल.

---

ग्रीस_आणि_चेन (शहापूर)

सायकलीबद्दल मी लिहितो.

अडीच महिन्यांसाठी खोक्यातून सायकल न्यायची तर पेडल, हँडल, पुढचं चाक, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सगळं खोलून बांधायचं, विमानाचं सामानभाडं वेगळं, आणि तो ज्यावर बसतो तो हँगर वाकून आला तर पहिला आठवडा दुरुस्तीत. त्यापेक्षा तिथं जुनी हायब्रिड (सरळ हँडलची, रस्त्यावरची गिअर सायकल) घ्या आणि येताना विका. फक्त इथली सीट सोबत न्या. बसण्याची सवय झालेली सीट बदलली की पहिल्या ३० किमीत त्रास सुरू होतो, आणि तिचं वजन अर्धा किलोच्या आत असतं.

जुनी सायकल बघताना आधी फ्रेमचा नंबर (पेडलच्या दांड्या फ्रेमला जोडतात तिथं, बहुतेक वेळा खालच्या बाजूला कोरलेला असतो) बाइकरजिस्टर या सायकल-नोंदणीच्या यादीत तपासा. चोरीची म्हणून नोंद असेल तर तिथं दिसते. मग चेन मोजा. इंचाची पट्टी एका पिनच्या मध्यावर लावायची. नव्या चेनीत २४ पिना पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलून भागेल. १/८ इंच गेली असेल तर मागचे दातेही खाल्लेले असतात, नवी चेन त्यांवर उड्या मारते, म्हणजे चेन आणि कॅसेट (मागच्या दात्यांचा संच) दोन्हीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या बुडाशी टक-टक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंग, ढिला आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपॅडच्या जवळ डोळा नेऊन बघा. रिम २–३ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर स्पोक आवळून घ्यावे लागतील.

गिअर बघणं गुडघ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या काळ्या सायकलला पुढे ४४, मागे १८ दाते असतात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. चढाला हे फार जड. हायब्रिडला पुढचं सगळ्यात लहान चक्र २८ किंवा ३० आणि मागचं सगळ्यात मोठं ३२ किंवा ३४ असेल तर एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपास जाते, बसल्या बसल्या चढ निघतो. पुढे ३४ आणि मागे २५ अशी रेसिंगची जोडी कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. दुखतं ते बहुतेकदा चढामुळे नसून जड गिअरमध्ये हळू पेडल मारल्यामुळे. मिनिटाला ७०–८० फेरे फिरले पाहिजेत. सीटची उंची अशी लावा: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला कळ येते.

टायर ३२ ते ३८ मिमी. ३२ च्या टायरला ६५–७० किलोच्या माणसासाठी पुढे ५० आणि मागे ६० पीएसआय पुरे. टणक भरू नका, गावरस्त्यांवर खडबडीत डांबर असतं, हात बधिर होतात. व्हॉल्व्ह बघून घ्या. आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह तिथं सहसा मिळत नाही. प्रेस्टा, म्हणजे बारीक लांबट व्हॉल्व्ह, असेल तर टोकाची बारीक चकती आधी सैल करून एकदा टिचकी मारून हवा सोडायची, मग पंप लावायचा. चकती सैल न करता लोक पंप मारत बसतात आणि पंप बिघडला म्हणतात. सोबत दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप, ४-५-६ च्या ॲलन की. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा. तो आतच राहिला तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत बसणार. कुंपणं छाटल्यावर काटे रस्त्यावर पडतात, पण तो हंगाम सप्टेंबरनंतरचा.

आणखी दोन गोष्टी. तिकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. इथल्या तुमच्या सायकलला कसा आहे ते जायच्या आधी बघा आणि वेगळा असेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत सवय करा. मडगार्ड मात्र पूर्ण लांबीचेच हवेत. पाऊस थांबल्यावरही रस्ता तासभर ओला राहतो आणि पाठीवर चिखलाची रेघ उठते.

---

टिळकवाडीची_ताई

दोघांचेही खूप आभार. चेन मोजायची पद्धत आजच घरच्या सायकलीवर करून बघते. आता दोन शंका. ह्यांच्यापुरती ई-सायकल घेतली तर लायसन्स लागतं का? आणि स्विंडनजवळ रिजवे नावाची फार जुनी वाट आहे, ती सायकलला चांगली असं लेकीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. ती जमेल का? नेमक्या दोन-तीन फेऱ्या कुणी सुचवल्या तर नकाशात खुणा करून ठेवते.

---

तीन_पूल_खानापूर

ई-सायकलला लायसन्स, विमा, नंबरप्लेट काही लागत नाही. अट अशी की मोटर २५० वॅटची असावी, पेडल मारल्यावरच मदत करावी आणि ताशी १५.५ मैलांवर ती मदत थांबावी. वय १४ च्या वर हवं. ताकद वाढवलेली सायकल मात्र कायद्याच्या दृष्टीनं मोपेड ठरते, जुनी घेताना हे नक्की विचारा. दोघांपैकी एकाला ई-सायकल असली की चढावर दोघांचा वेग जुळतो, त्यामुळे कल्पना उत्तम आहे.

पहिली फेरी केंबल ते स्विंडन, सुमारे ३० किमी, जवळजवळ सपाट. स्विंडनहून ग्लॉस्टरच्या गाडीनं केंबल स्टेशनला उतरा, पाव तासाचा प्रवास. थेम्सचा उगम मानतात ती जागा तिथून जवळच एका कुरणात आहे. तिथपर्यंत पायवाट आहे, म्हणजे सायकल कुलूप लावून ठेवून चालत जायचं. उन्हाळ्यात बहुधा तिथं पाण्याचा थेंब नसतो, फक्त एक शिळा आणि झाड. मग इवेन, सोमरफर्ड केन्स करत ॲश्टन केन्सला या. इथं थांबाच. बालवयातली थेम्स गावातल्या रस्त्याच्या कडेनं वाहते आणि प्रत्येक घराला अंगणात जायला स्वतःचा छोटा पूल आहे. पाणी घोट्याएवढं, नितळ. आजूबाजूला खडी काढलेल्या खाणींचे तलाव, कॉट्सवोल्ड वॉटर पार्क. पुढे क्रिकलेड. तिथल्या नॉर्थ मेडोत एप्रिलमध्ये दुर्मीळ फ्रिटिलरीची फुलं येतात. तुम्ही पोचाल तेव्हा ती संपलेली असतील, पण गवताचं कुरण कापणीपूर्वी, जूनमध्येही बघण्यासारखं असतं. क्रिकलेडहून स्विंडनला राष्ट्रीय सायकल मार्ग ४५ आहे. निळ्या पाटीवर लाल चौकोनात ४५ आकडा शोधा.

दुसरी बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन, कालव्याच्या काठानं १५–१६ किमी, चढ नाहीच म्हणा. बाथ स्टेशनच्या मागून नदी ओलांडली की केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ लागतो. कालवा १८१० साली पूर्ण झाला. होडी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली ती वाट आता सायकल आणि चालणाऱ्यांची. वाटेत डंडास आणि एव्हनक्लिफ असे दोन दगडी जलसेतू आहेत, म्हणजे पुलावरून कालवा आणि खालून नदी. पुलांखालची वाट खांद्याएवढी अरुंद आणि आंधळी असते. तिथं दोनदा घंटी वाजवून, पायी चालल्यासारख्या वेगानं जा, शंका आली तर उतरा. ब्रॅडफर्डला १४ व्या शतकातलं भलंमोठं धान्याचं कोठार बघा आणि लोकल गाडीनं बाथला परता.

बाथलाच आणखी एक दिवस काढता आला तर टू टनेल्सची २१ किमीची फेरी. १९६६ ला बंद झालेल्या रेल्वेचे दोन बोगदे २०१३ साली सायकलसाठी उघडले. त्यातला कूम डाऊन १,६७२ मीटर लांब आहे. दिवे असतात पण मंद, त्यामुळे स्वतःचा दिवा लावायचाच. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, तोंडाशी थांबून जाकीट चढवा. मिडफर्डवरून डंडासला उतरून कालव्यानं परत बाथ.

गाडीबद्दल. ग्रेट वेस्टर्न या तिथल्या रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलचं आरक्षण फुकट असतं, पण जागा मोजक्याच, म्हणून ते आधी करून ठेवा. सायकल उभी टांगायची असते, म्हणून पिशव्या काढून ठेवा. टायर फार रुंद असेल तर हुकात बसत नाही. ई-सायकल उचलून टांगायला जड जाते, दोघांनी मिळून उचला. लोकल गाडीत बहुधा आरक्षण नसतं, आधी येईल त्याला जागा. कामावर जाण्यायेण्याच्या गर्दीची वेळ टाळून दहानंतर निघा. घाई कशाला? जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतरच सूर्य मावळतो.

रिजवे जमेल. तिचा ओव्हरटन हिल ते स्ट्रीटली हा पश्चिमेकडचा भाग सायकलला खुला आहे, डोंगराच्या माथ्यावरून दोन्हीकडचं खोरं दिसतं.

---

हिंडलगा_ते_हिरवळ

रिजवेबद्दल माझं मत वेगळं आहे, खानापूरकर. कायद्यानं खुली आहे हे बरोबर, पण ती चुनखडीच्या मऊ दगडाची, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली वाट आहे. पाऊस पडून गेला की तो पांढरा दगड साबणासारखा होतो, आणि चाकोरीत अडकलेलं पुढचं चाक बाहेर काढायला गेलं की माणूस आडवा. ३२ च्या टायरवर, गुडघ्याचा त्रास असताना, तिथं जाऊ नये. चार-पाच दिवस कोरडे गेले असतील, टायर ४० च्या वर असतील, तरच आणि थोडाच भाग. माथ्यावर पाण्याची सोयही तुरळक.

त्याऐवजी चिझल्डन ते मार्लबरो ही जुनी रेल्वेची वाट घ्या. रेल्वेची असल्यानं चढ मंद. पृष्ठभाग कच्चा आहे, तेव्हा ओल्या दिवशी तीही नको. एव्हबरीचं पाषाणवर्तुळ बघायचं तर स्विंडनहून सरळ जाणारा ए४३६१ नकाशात जवळचा दिसेल, तो टाळा.

---

तीन_पूल_खानापूर

मान्य. ओल्या चुनखडीचा मुद्दा बरोबर आहे, ताईंनी रिजवे पायीच बघावी.

---

दशमी_आणि_दूध (निपाणी)

खाण्याचं राहिलंच की! ताई, जाऊलालाय तर एक आधी सांगते, कुंदा बॅगेत घालू नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. पेढ्यांचंही तेच. शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाचे शंकरपाळे, डिंकाचे लाडू (तेलात किंवा डालड्यात केलेले, तुपातले नकोत) चालतील. दशम्या तिथंच दुधात भिजवून करा. दुपारपर्यंत मऊ राहतात आणि हँडलच्या पिशवीत चुरत नाहीत.

गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि मग संध्याकाळपर्यंत काही मिळत नाही. खेड्यातली दुकानं रविवारी लवकर मिटतात. म्हणून बाराच्या सुमाराला जेवायला टेका किंवा डबा जवळ ठेवाच. शाकाहारी म्हणून सगळीकडे मिळणारं म्हणजे भाजलेला आख्खा बटाटा, वर बीन्स आणि चीज. चीज प्राण्यांच्या रेनेटचं (वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाचं) आहे का ते विचारा, पॅकेटवर शाकाहारी लिहिलेलं असतं. चिप्स काही ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात, तेही विचारा, कुणी वाईट मानत नाही. चहाच्या दुकानात स्कोन (पावासारखा छोटा केक), जॅम आणि घट्ट साय मागवा, २० किमीचं बळ येतं. काही ठिकाणी स्कोनमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर तेवढं विचारून घ्या.

पाणी विकत घेऊ नका. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकानं मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं. चहा घेता घेता दोन्ही बाटल्या भरून घ्या.

वाऱ्याचं एक. तिथं वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून असतो. निघताना त्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर परतीला तो पाठीशी येतो. गाडीनं एकीकडे जाणार असाल तर नैऋत्येच्या बाजूला गाडीनं जाऊन सायकलनं घरी या. आदल्या रात्री हवामान खात्याच्या अंदाजात पावसाइतकाच वाराही बघा. ताशी ३० किमीच्या वर असेल तर त्या दिवशी कालव्याची फेरी ठेवा, काठाला झाडं असल्यानं आडोसा मिळतो. आणि जूनमध्ये गवताच्या परागांनी शिंका आणि डोळ्यांची आग सुरू होते. इथं तुम्हाला धुळीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊनच निघा.